पुढं किती?

"मालम, पुढं किती?"

कॅप्टन मुकादमांनी विचारलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. उजवा हात थ्रस्टरच्या दांडीवर, डावा इंजिनांच्या दांड्यांवर, आणि चेहरा दुपारी जेवून आरामखुर्चीत पडलेल्या माणसासारखा. आमच्या 'गिरिजा'ची लांबी एकशे अठरा मीटर, पोटात पाच हजार टन सिमेंट, आणि उजव्या अंगाला आडवेल बंदराचा जुना दगडी धक्का. हा माणूस ते सगळं धूड डोळे मिटून धक्क्याला लावत होता.

"पुढं चौदा, मागं सोळा," मी वॉकीटॉकी कानाला लावून म्हणालो.

"घाबरलास?"

"नाही, साहेब."

"मग आवाज का वर गेला? आकडा सांगताना आवाज सपाट ठेवायचा. तुझी भीती मला नको, घाईही नको. नुसता आकडा दे. पुन्हा सांग."

"पुढं तेरा, मागं पंधरा."

"आता बरोबर," ते म्हणाले, आणि दांडी केसभर हलवली.

एकोणनव्वद सालची ही गोष्ट. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि 'गिरिजा'वर बडा मालम होतो, म्हणजे कॅप्टनच्या खालचा पहिला अधिकारी. जहाजावर येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. डोळे मिटून जहाज लावणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. त्या रात्री मी बायकोला चार पानी पत्र लिहिलं, की आपलं नशीब उघडलं, मला गुरू मिळाला.

थ्रस्टर म्हणजे जहाजाच्या नाकात, पाण्याखाली, आरपार बोगदा काढून आडवा बसवलेला पंखा. दांडी एकीकडं केली की नाक धक्क्याकडं जातं, दुसरीकडं केली की धक्क्यापासून दूर. मागचं अंग दोन इंजिनांनी आणि सुकाणूनं सांभाळायचं. मोठ्या बंदरांत हे काम टगबोटी करतात, पण आडवेलला टगबोट नव्हती आणि बंदराचं तोंड इतकं चिंचोळं, की चुकलात तर डावीकडं खडक. ऐकायला हे सोपं वाटतं. अवघड एवढंच, की जहाजाला सांगितलेलं उशिरा कळतं. दांडी हलवली की आधी पाणी ढकललं जातं, मग नाकाला जाग येते, आणि हललेलं नाक थांबवायचं तर ते हलत असतानाच उलटं सांगून ठेवावं लागतं. मुकादमांचा नियम ठरलेला होता. आठ मीटरला हात ढिला, पाचला उलटा जोर, आणि तीन मीटरवर जहाज थांबलंच पाहिजे. उरलेलं अंतर दोरांनी ओढून घ्यायचं. माझ्या अठरा महिन्यांत जहाज त्या तीन मीटरच्या आत कधी स्वतःहून गेलं नाही.

त्यांचा दुसरा नियम एकाच आवाजाचा. जहाजाच्या टोकावर सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, उभा, मागं दुसरा मालम उभा, दोघंही वॉकीटॉकीवर अंतर सांगणार. पण कॅप्टनशी बोलणार फक्त मी. "तीन माणसं कानात बोलायला लागली की हात गोंधळतो," ते म्हणत. जहाज चालवायच्या खोलीच्या, म्हणजे ब्रिजच्या, उजवीकडं बाहेर काढलेला सज्जा असतो, त्याला आम्ही विंग म्हणतो. जहाज लावताना त्या विंगवर आम्ही दोघंच असायचो. मी ऐकायचं आणि सपाट आवाजात सांगायचं. शिकायची ही पहिली पायरी, असं त्यांनी मला बजावलं होतं. आधी कान, मग हात.

मला हाताची घाई होती, ती का ते सांगतो. आमच्या कंपनीत कॅप्टन व्हायचं तर एक वही पुरी करावी लागे. कॅप्टनच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातानं दहा वेळा जहाज लावायचं, आणि दर वेळी त्यानं वहीत सही करायची. दहा सह्या झाल्या की कॅप्टनची शिफारस, शिफारस गेली की स्वतःचं जहाज. माझ्यामागून आलेला फडते दोन वर्षांपूर्वीच कॅप्टन झाला होता. माझ्या सासरेबुवांनी तर जावई म्हणून माझी ओळख करून देताना "कॅप्टन व्हायचेत अजून" असं सांगायला सुरुवात केली होती. माझ्या वहीत एकही सही नव्हती.

"साहेब, आज मी लावू?" मी दर खेपेला विचारायचो.

"आज वारा आहे."

वारा नसला की ओहोटी असायची. ओहोटी नसली की नवा सुकाणी. वर्ष सरलं तेव्हा मी विचारायच्या ऐवजी वही घेऊनच विंगवर जायला लागलो. ते वहीकडं बघतसुद्धा नसत.

"पेडणेकर, तुझ्यासारखा आकडा सांगणारा मालम मला तीस वर्षांत मिळाला नाही," एकदा ते म्हणाले. मी त्या कौतुकावर आणखी दोन महिने काढले. माणूस मूर्ख असला की त्याला फार खर्चाची लाच लागत नाही.

धक्क्यावर दोर घ्यायला जी माणसं असत त्यांचा म्होरक्या मधू तारी. काळा, सडपातळ, चाळिशीचा, पाणबुड्यासारखा चपळ. 'गिरिजा' दिसली की तो धक्क्याच्या टोकाला येऊन उभा राहायचा आणि पूर्वीच्या सवयीनं दोन्ही हात वर करून बोटं दाखवायचा, दहा मीटर, आठ मीटर. त्याला वाटायचं आपण नाही दाखवली तर जहाज लागायचं नाही.

"तारी, तोंडानं सांग. हात काय नाचवतोस?" मुकादम वरून ओरडायचे.

"साहेबानू, तुमका काय सांगूचा? तुम्ही डोळे मिटान लावतास," तारी खालून म्हणायचा. "माज्या बायलेक सांगितलंय, ह्या जहाजाखाली गादी घालून निजलंय तरी मरूचंय नाय."

दोघं हसायचे. मीही हसायचो. तारी आणि मुकादम यांची दोस्ती जुनी होती. ईदला तारी खाडी ओलांडून त्यांच्या घरी जायचा, आणि गणपतीला मुकादमांकडून तारीच्या घरी नारळाची परडी यायची.

पत्र आलं तो दिवस मार्चातला. आम्ही आडवेलच्या बाहेर नांगर टाकून भरतीची वाट बघत होतो. दुपारी एजंटाची होडी टपाल घेऊन आली. मुकादम ब्रिजवर खुर्ची टाकून बसले होते. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते फोडलं, कागद उघडला, आणि माझ्यापुढं धरला.

"चष्मा खाली राहिलाय. वाच काय ते. पेंटबिंटचं असेल."

त्यांचा चष्मा नेहमीच खाली राहिलेला असे. मी कागद घेतला. ऑफिसचं पत्र होतं, चार ओळींचं. आपल्या अभिप्रायानुसार बडे मालम श्री. पेडणेकर हे जहाज हाताळण्यास अद्याप तयार नसल्याची नोंद घेतली आहे. त्यांच्या बढतीचा विचार दोन वर्षं पुढं ढकलण्यात येत आहे. 'गिरिजा'वर दुसरा योग्य अधिकारी उपलब्ध नसल्याचं आपण कळवल्यावरून आपली मुदतही दोन वर्षांनी वाढवण्यात येत आहे.

मी ते दोनदा वाचलं. दीड वर्षात ज्यानं मला दांडीला बोट लावू दिलं नाही, त्यानं मला दांडी येत नाही असं लिहिलं होतं.

"काय म्हणतात?" मुकादमांनी विचारलं.

त्यांना खरं वाचून दाखवावं, की तोंडावर फेकावं, मला कळेना. आणि मग माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, तेही अगदी सपाट, "रंगाचे डबे पुढच्या खेपेला पाठवतायत. लाल कमी आहे, म्हणून हिरवा वापरा म्हणतात."

मी कागद परत दिला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला. वरून खाली नजर फिरवली, वाचल्यासारखी मान डोलावली.

"खालच्या अंगाला हिरवा? वेडे झालेत," ते म्हणाले. "सारंगला सांग, आहे तो लाल पुरवून वापर."

त्यांनी पत्राची घडी केली आणि खिशात ठेवली. मी तिथंच उभा राहिलो. मला एकेक गोष्ट आठवायला लागली. चहाचा कप दर वेळी खुर्चीच्या उजव्या हाताला, एकाच जागी ठेवायचा हुकूम. नकाशावर माझ्याकडून जाड पेन्सिलीनं मारून घेतलेल्या रेघा. जिना उतरताना ओठांत पुटपुटलेले आकडे. तारीच्या बोटांवर येणारा राग. आणि मिटलेले डोळे, ज्यांच्यावर मी बायकोला चार पानं लिहिली होती. हा माणूस मला शिकवत नव्हता. त्याला दिसत नव्हतं, आणि मी त्याचे डोळे होतो. डोळे कॅप्टन होऊन दुसऱ्या जहाजावर निघून गेले असते तर तो उघडा पडला असता, म्हणून मला दोन वर्षं आणखी बांधून ठेवलं होतं.

मी सरळ ऑफिसला कळवायला हवं होतं. कॅप्टनला दिसत नाही, तपासणी करा, एवढी एक तार पुरली असती. न कळवायची कारणं मी त्या दुपारी स्वतःला भरपूर दिली. मुकादमांचं नाव मोठं, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, पुढं कुठल्या जहाजावर गेलो तरी चुगलखोर मालम म्हणून ओळखणार. ही सगळी कारणं खरी होती, पण त्यांतलं एकही माझं नव्हतं. मला तो माणूस गुपचूप घरी जायला नको होता. त्याचा तो गाजलेला हात सगळ्या बंदरासमोर चुकायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या भरतीला आम्ही आत शिरलो. आभाळ स्वच्छ, वारा नावाला. वाऱ्याची सबब नव्हती.

"साहेब, आज मी लावू?" मी विचारलं. का विचारलं, आजही सांगता येणार नाही. कदाचित त्यांनी हो म्हटलं असतं तर सगळंच टळलं असतं, म्हणून.

"आज नको. सिमेंट जड आहे," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला बघू."

सिमेंट दर खेपेला तेवढंच असायचं.

जहाज धक्क्याला समांतर झालं. सारंगचा आवाज माझ्या कानात यायला लागला. पुढं वीस. पुढं सोळा. मी तेच सांगत गेलो. बाराला मी बारा सांगितले. माझं गणित साधं होतं. आठपासून पुढं मी आकडा तीन मीटरनं वाढवून सांगणार. ते उलटा जोर उशिरा देणार, नाक धक्क्याला घासणार, पत्रा चेपणार, दगडाचा टवका उडणार. चौकशी होईल, डोळे तपासतील, संपलं. कुणाला इजा व्हायचं काही कारणच नव्हतं. धक्क्याजवळच्या शेवटच्या तीन मीटरांत कधी कुणी नसतं, असं मला वाटलं.

"पुढं आठ," सारंग म्हणाला.

"पुढं अकरा," मी म्हणालो.

मुकादमांचा हात होता तसाच राहिला. त्यांचे डोळे मिटलेले होते.

त्याच वेळी टोकावरून धक्क्याकडं फेकलेली बारीक दोरी धक्क्याच्या अंगाला साखळीनं टांगलेल्या टायरांत अडकली. दोरी मोकळी केल्याशिवाय जाड दोर येणार नव्हता. मधू तारी धक्क्याच्या कडेवर बसला आणि लोखंडी शिडीवरून खाली टायरांवर उतरला. जहाज येत असताना दुसरा कुणी माणूस असा उतरला नसता. तारी उतरला, कारण जहाज तीन मीटरवर थांबतं हे त्याला आमच्याइतकंच पक्कं ठाऊक होतं.

"पुढं पाच," सारंग म्हणाला.

मी तारीला पाहिलं. त्याची पाठ आमच्याकडं होती. तो दातांत दोरी धरून गाठ सोडवत होता. माझ्या तोंडात दोन्ही आकडे होते, आणि मला निवडायला वेळ होता. हे मी स्वतःपासून कधी लपवू शकलो नाही. वेळ होता.

"मालम, पुढं किती?"

"आठ," मी म्हणालो.

त्यांनी नियमाप्रमाणं हात ढिला केला. फक्त ढिला. मग सारंग कानात ओरडायला लागला, चार, साडेतीन, आणि माझं अवसान गळालं.

"तीन! साहेब, तीन, उलटा घ्या, पूर्ण!"

मुकादमांनी दांडी शेवटापर्यंत ओढली. नाकातला पंखा धडधडला, पाणी फेसाळून वर आलं. 'गिरिजा'नं ऐकलं, पण नेहमीसारखं उशिरा. तारी शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढला होता. वरच्या माणसांनी त्याला दोन्ही दंडांना धरून ओढलं होतं. उजवा पाय तेवढा खाली राहिला.

आवाज आला तो पत्र्याचा. तारीचा आवाज त्याच्यानंतर आला.

"काय झालं?" मुकादमांनी डोळे उघडले होते आणि ते समुद्राच्या बाजूला बघत होते. "मालम, काय झालं? कोण ओरडलं?"

त्यांनी चाचपडत माझी बाही पकडली आणि मला हलवलं.

"मला दिसत नाही रे. मला सांग काय झालं ते."

सुकाणी चाकाजवळून दारात आला होता. त्यानं ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या बंदरानं ऐकलं.

चौकशी मुंबईत झाली, एका लांब टेबलाभोवती. सारंगनं सांगितलं, "मी आठ म्हणालो, पाच म्हणालो, चार म्हणालो." मला विचारलं. मी म्हणालो, जे ऐकलं तेच कॅप्टनला सांगितलं. पाच ऐकलं, पाच सांगितलं. मग मुकादमांची पाळी आली. त्यांना त्यांच्या मुलानं धरून आणलं होतं. मी टेबलाच्या लाकडातल्या रेषा मोजत बसलो.

"मालमनी आपल्याला पाच सांगितले होते?" अध्यक्षांनी विचारलं.

मुकादमांनी मान आवाजाच्या दिशेनं वळवली.

"मालम म्हणतात तर सांगितले असतील," ते म्हणाले. "दांडी माझ्या हातात होती. हात माझा होता. त्यांचा काही दोष नाही."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि सर्वांत मोठा मी. त्यांचं लायसन काढून घेतलं. माझ्याविषयी अहवालात लिहिलं, की शेवटच्या क्षणी पूर्ण उलटा जोर मागून बड्या मालमनं मोठा अनर्थ टाळला. तीन महिन्यांनी मला 'गिरिजा' मिळाली. वहीत सह्या नव्हत्या, पण या परिस्थितीत त्या कोण मागणार? सासरेबुवांनी गावजेवण घातलं.

कॅप्टन म्हणून मी सव्वीस वर्षं काढली. अपघात एकही नाही. पण एक गोष्ट कुणाला कधी बोललो नाही. मला कुणाच्याही आकड्यावर विश्वास ठेवता येईना. मालमनं आठ सांगितले, की मी दांडी सोडून कठड्याशी धावायचो, स्वतः वाकून बघायचो, पुन्हा धावत यायचो. जिथं मिळेल तिथं टगबोटी घेतल्या, नको तिथंही घेतल्या. माझ्यामागं मला "टगबोट पेडणेकर" म्हणतात हे मला माहीत होतं. आडवेलला तर मी पहिल्याच खेपेनंतर जायचं टाळलं. त्या खेपेला तारी कुबडी घेऊन फाटकाच्या चौकीत पास तपासायला बसलेला होता. मला बघून त्यानं हात वर केला. मी पास न दाखवताच आत गेलो, कॅप्टनला कोण अडवतो.

अपघाताला चौदा वर्षं झाली होती तेव्हा एक पोस्टकार्ड आलं. मुकादमांच्या सुनेचं. आडवेलचे मधूकाका तारी मागच्या महिन्यात गेले. तेव्हापासून अब्बा तुमची आठवण काढतात. सवड झाली तर येऊन जा.

मी सहा महिने सवड काढली नाही. मग एका रविवारी गेलो.

घर खाडीच्या काठावर होतं, पुढं अंगण, अंगणात सुकत घातलेल्या सोड्यांचं ताट. मुकादम पडवीत वेताच्या खुर्चीत बसले होते. अंगानं अर्धे झाले होते. डोळे उघडे होते आणि ते कुठंच बघत नव्हते. मी चपला काढल्या तेवढ्यात ते म्हणाले, "मालम आला."

"कसं ओळखलंत?"

"तू आत शिरायच्या आधी जरा थांबतोस. पहिल्यापासून," ते म्हणाले. "बस. तारी गेला, कळलं ना? दर ईदला यायचा. एक पाय घेऊन होडीत चढायचा. मी त्याला म्हणायचो, माझं तोंड बघायला कशाला येतोस? तो म्हणायचा, तुमच्या हातान झाला म्हणान काय सोयरीक मोडतली?"

मी काहीतरी हुं केलं.

"तुला बोलावलं ते एक सांगायला आणि एक विचारायला," ते म्हणाले. "आधी सांगतो. तुझ्याविषयी मी ऑफिसला खोटं लिहिलं होतं. रेडिओवाल्याकडून टाईप करून घेतलं. तू तयार होतास. पहिल्या सहा महिन्यांतच तयार होतास. पण तू गेला असतास तर दुसऱ्या दिवशी मला जमिनीवर यावं लागलं असतं, आणि जमिनीवर मी काय करणार होतो? हे असं बसणार होतो. आणखी दोन वर्षं हवी होती मला. ती मी तुझी चोरली. अल्लाला सांगून झालं, तुला सांगायचं राहिलं होतं. माफ करायचं तर कर, नाहीतर राहू दे."

ते पत्र मी वाचलं होतं, हे म्हणायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "जाऊ द्या हो साहेब. जुनी गोष्ट."

"आता विचारतो." त्यांनी मान माझ्या बाजूला वळवली. "चौकशीत मी म्हणालो, तू पाच सांगितले असशील. म्हणालो खरं, पण मला तसं आठवत नाही. मला आठ आठवतं. रोज आठवतं. पाच मिळाले असते तर माझा हात उलटा गेला नसता का? तीस वर्षं पाचला उलटा गेलेला हात त्या दिवशीच कसा राहिला? मग वाटतं, माणूस स्वतःला वाचवायला आकडेही बदलत असेल मनातल्या मनात. म्हातारा झालोय. तारी होता तोवर विचारलं नाही. तुझं नाव घेतलं असतं तर त्याला उगाच दुसरा माणूस दिसला असता. आता कुणी नाही. मला कुठं तक्रार करायची नाही. फक्त मरायच्या आधी कळलं पाहिजे, तो पाय माझ्या हातानं गेला का."

त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर पालथा होता. बोटं किंचित वाकलेली, दांडीवर असायची तशी.

"मालम, पुढं किती होते? तू किती सांगितलेस?"

वाटेत एसटीत बसल्या बसल्या मी ठरवून आलो होतो, की विचारलं तर खरं सांगायचं. माझी पेन्शन सुरू व्हायला वेळ होता, पण यांना सांगून ती कुठं जाणार होती? बायको होती, लग्नाची मुलगी होती, पण त्यांना कोण सांगणार होतं? भ्यायला काही उरलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं तेव्हासुद्धा मला वाटत होतं की मी खरंच सांगणार आहे.

"पाच," मी म्हणालो.

अंगणात कोंबडी फिरत होती. आत भांडं ठेवल्याचा आवाज आला. मुकादमांची बोटं हळूहळू सरळ झाली.

"पुन्हा सांग."

"पाच, साहेब."

"आवाज सपाट आहे," ते म्हणाले. मान डोलावली, त्या दिवशी पत्र डोळ्यांपुढं धरून डोलावली होती तशीच. "बरोबर. आकडा असाच सांगायचा."

त्यांना काय कळलं ते मला कळलं नाही. विचारायची सोय मी ठेवली नव्हती.

त्यांची सून चहा घेऊन आली. तिनं आधी मला कप दिला, मग त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बशी ठेवली.

"अब्बा, उजवीकडं, एक वीत," ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता आत निघून गेली.

मुकादमांनी हात नेला. चाचपडले नाहीत. कप तिथंच होता.